मावशीचे केस कळकले

माझ्या मावशीने एकतीस वर्षं दुसऱ्यांचे केस रंगवले. औषधांच्या दुकानाला लागून तिचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, डोकं धुवायचं बेसिन आणि मागे पडद्याआड एक कपाट, एवढाच पसारा. एक खुर्ची तिची, दुसरी गेली नऊ वर्षं माझी. रंगाच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नाही. बाई दारातून आत आली की मावशी तिच्या डोक्यावरून एक नजर फिरवते आणि म्हणते, "मागच्या वेळी घरीच लावलात ना? आणि तोही दोन वेगळ्या पाकिटांतला." बाई ओशाळून हसते. तपकिरीच्या अकरा छटा आमच्याकडे आहेत, आणि नळीवरचा नंबर न बघता मावशी त्या ओळखते.

स्वतःचे केस तिने पंचावन्नाव्या वर्षापर्यंत काळेभोर ठेवले होते. दुकान बंद असायचं त्या दिवशी, दर तिसऱ्या आठवड्याला, मी तिच्या डोक्याला रंग लावायचे. एकदा तिच्या कानांमागे लाल चट्टे उठले. पुढच्या खेपेला डोळे सुजून बारीक झाले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, आता रंग दुसऱ्यांच्या डोक्याला लावा, तोसुद्धा हातमोजे घालून. स्वतःला पुरे."

 तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "काप."

मी तिचे केस मानेपर्यंत आखूड केले. मग थोडे थोडे करत उरलेला रंगही कापत गेले. वर्षभरात तिचं डोकं पांढरंशुभ्र झालं, आणि काय सांगू, इतकं देखणं की रस्त्यातून जाणारी माणसं वळून बघायची. केस मुळातच दाट, त्यात ती चमक. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "आम्हाला हाच रंग लावून द्या." मावशी सांगायची, "हा माझ्याकडे मिळत नाही. याची नळी यायची आहे अजून."

केस सुधारले तसे गुडघे बिघडले. दिवसभर उभं राहायचं काम, दुसरं काय होणार! हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं की पोहायला जा, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही.

"मला पोहता येत नाही," मावशी म्हणाली.

"मग शिका."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"एकोणसाठाव्या वर्षी शिकलात तर एक वर्ष उशीर होईल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर पोहण्याचा टँक आहे. पंचवीस मीटरचा, वर छप्पर, थंडीच्या दिवसांत पाणी कोमट करायला मागच्या खोलीत हीटर. हा टँक बावीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होता. त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. सहा फूट उंची, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. बोटीवर ते जन्मात चढले नव्हते, पण टँकच्या कडेने असे चालायचे की जणू सगळं पाणी त्यांच्या हुकमावर जागच्या जागी थांबलंय. पाण्यात औषध टाकणं, गाळणी धुणं, हीटर बघणं, शिस्त लावणं, सगळं तेच करायचे. शिकवायला एक तरुण मुलगी होती. तिने आपल्या काही बटांचा रंग उडवून त्या सोनेरी केल्या होत्या. मावशीने पहिल्याच दिवशी त्या बटांकडे बघून माझ्या कानात सांगितलं, "औषध दहा मिनिटं जास्त ठेवलंय."

पहिले तीन आठवडे मावशीने कडेचा दांडा सोडला नाही. मी सोबतीला जायचे. छातीइतक्या पाण्यात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची आणि शिकवणारी मुलगी पाठीवर झोपायला सांगू लागली की म्हणायची, "आज नको ग, आज माझे कान ठीक नाहीत." चौथ्या आठवड्यात त्या मुलीने तिच्या पाठीखाली दोन बोटं धरली, आणि मग कधी काढून घेतली ते मावशीला कळलंच नाही. ती छपराकडे बघत तरंगत राहिली.  कपडे बदलून झाल्यावर म्हणाली, "अगं, इतकी वर्षं मी या अंगाचा भार वाहतेय. आज पहिल्यांदा तो कुणी दुसऱ्याने उचलला."

त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी सहाला, थंडी असो नाहीतर काही असो. अडीच महिन्यांत ती आडवा टँक पोहून जाऊ लागली. गुडघे कुरकुरायचे थांबले. दुकानात ती गुणगुणायला लागली, आणि मावशीचा आवाज काही गुणगुणण्याजोगा नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनीही बरंच सोसलं म्हणायचं.

हिरवा रंग पहिल्यांदा दिसला तो काकांना. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांनी उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं आणि अजूनही जेवणघरातल्या खिडकीपाशी त्यांचं छोटं टेबल आहे. एका सकाळी मावशी केस पुसत खिडकीत उभी होती. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, तुझ्या केसांना शेवाळं आलंय का?"

"तुम्हाला काहीतरीच सुचतं."

"काहीतरीच नाही. इकडे उजेडात ये."

मीही बघितलं. टोकांकडे, कानांच्या खाली, फिकट हिरवी झाक होती. कच्च्या पेरूच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी. मावशीने हातआरसा घेतला, बघितला, उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "पडद्याचा रंग पडलाय." आमचे पडदे निळे आहेत, हे कुणीच बोलून दाखवलं नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत झाक वाढत गेली. पार्लरच्या झगझगीत दिव्याखाली तर लपवायची सोयच नव्हती. तुम्ही जरा विचार करा, केसांचं दुकान चालवणारी बाई, आणि तिचंच डोकं हिरवं! मावशी डोक्याला रुमाल बांधून काम करायला लागली. कुणी विचारलंच तर "थंडी आहे" म्हणायची, आणि पंखा फिरत असायचा. तिने सगळं करून पाहिलं. मळ काढणारा कडक शांपू तीन वेळा लावला, काही नाही. शेजारणीने टोमॅटोची चटणी चोपडायला सांगितली. तीही अर्धा तास लावून बसली. घरभर वास सुटला, काका भुकेने कासावीस झाले, आणि डोकं मात्र जसंच्या तसं.

"क्लोरीन आहे त्या पाण्यात," मी म्हटलं. "सगळे म्हणतात, क्लोरीनने केस हिरवे होतात. मावशी, थोडे दिवस पोहणं बंद कर."

एवढं मी म्हणायला आणि तिचा चेहरा पडायला एकच गाठ पडली. पण मग ती धंद्यातल्या माणसासारखा विचार करायला लागली. "क्लोरीन म्हणजे ब्लीचची बहीण," ती म्हणाली. "ती रंग काढते, देत नाही. मी ब्लीच करून आजवर कुणाचं डोकं हिरवं झालेलं पाहिलं नाही. हे दुसरंच काहीतरी आहे."

ते दुसरं काय हे काकांना सापडलं. मावशीच्या कंगव्यातले चार केस त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवले, घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ वाकून बसले.

"हा हिरवा माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "ओल लागलेलं जुनं घड्याळ उघडलं की पितळी चाकांवर हाच चढलेला असतो. तांब्याचा गंज आहे हा."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अचानक कपाळावर हात मारला. "अहो, मग माझे केस कळकलेत! आई पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. तसंच झालंय हे. पाण्यात तांबं उतरतंय कुठूनतरी, आणि ते माझ्या केसांत बसतंय."

"मग माझे का नाही झाले?" मी विचारलं. "मीही तुझ्यासोबत येते की."

"झाले असतील. काळ्यावर दिसणार कसं? आणि तू तर महिन्याभरापासून येतच नाहीस, आळशी."

तेवढ्यावरून तिला शिकवणाऱ्या मुलीची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो आणि त्या मुलीला खिडकीपाशी नेऊन तिच्या सोनेरी बटा बघितल्या. चक्क हिरव्या. मुलीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "मला वाटलं पार्लरवालीने नवीन काहीतरी केलं," ती म्हणाली. "मैत्रिणींना फार आवडलं हो."

आता कॅप्टनना सांगायला हवं होतं, आणि ते काम सोपं नव्हतं. मावशीने रुमाल सोडला, डोकं दाखवलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "कॅप्टन, तुमच्या पाण्यात तांबं आहे बघा."

कॅप्टनचं नाक लाल झालं. "ताई, बावीस वर्षं हे पाणी मी सांभाळतोय. तळातली फरशी मोजून घ्या, एक एक दिसेल. माझ्या पाण्यात तांबं? माझ्या पाण्यात काडी दिसली तर मला झोप लागत नाही."

"पाणी स्वच्छ आहे हो, कोण नाही म्हणतंय? पण आंबट झालं असेल. आंबट पाणी तांबं खातं. हीटरमध्ये तांब्याच्या नळ्या आहेत ना?"

"आहेत. आणि पाणी आंबट आहे की नाही ते मी रोज सकाळी बघतो. रोज! चला, तुमच्यासमोरच बघतो."

ते आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. एका बोटभर काचेच्या नळीत टँकचं पाणी घेतलं, त्यात लाल औषधाचे पाच थेंब टाकले, हलवलं आणि शेजारच्या पट्टीवरच्या रंगांशी धरून बघितलं. पट्टीवर पिवळ्यापासून गुलाबीपर्यंत रंगांचे चौकोन होते. पिवळा म्हणजे पाणी आंबट, नारिंगी-लाल म्हणजे बरोबर, गुलाबी म्हणजे उलट बाजूला गेलेलं.

"हे बघा," कॅप्टन विजयाने म्हणाले. "नारिंगी. मधोमध."

मावशीने नळीकडे बघितलं. मीही बघितलं. पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळंधमक होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ती कॅप्टनना म्हणाली, "हो का? या खोलीत उजेड कमी आहे, जरा बाहेर नेऊन बघू या का?" बाहेर, उन्हाच्या तिरिपेत, तिने पुन्हा नळी त्यांच्या हातात दिली. कॅप्टननी ती डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ आणली.

"नारिंगीच," ते म्हणाले, पण आवाज मघासारखा नव्हता.

मावशीने मला शिकवणाऱ्या मुलीकडे काहीतरी आणायला पाठवलं. काय आणायचं ते सांगितलंच नाही, म्हणून मी खोलीच्या दाराआड उभी राहिले आणि सगळं ऐकलं. खोटं कशाला सांगू.

"कॅप्टन," ती म्हणाली, "हल्ली रात्रीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का तुम्हाला? भोवती कडं असल्यासारखे?"

 "वर्ष झालं," ते म्हणाले.

"आणि पांढरे कपडे धुऊनही पिवळट वाटतात?"

"मी बायकोवर ओरडतो त्यावरून. साबण बदलायला लावला दोनदा." मग हळूच विचारलं, "ताई, हे पिवळं आहे?"

"पिवळं आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हेच होतं. त्या म्हणतात, तुम्ही या वेळी रंग वेगळा लावलात. मी म्हणते, रंग तोच आहे, तुम्ही डोळे दाखवा. मोतीबिंदू असतो. काढला की झालं. लोक दुसऱ्या दिवशी घरी चालत जातात."

"मी बावीस वर्षं..." कॅप्टन म्हणाले आणि थांबले. "लोकांचे डोळे चुरचुरतात म्हणून तक्रार आली होती. मी क्लोरीन कमी केलं. चुकलंच ते. क्लोरीनचा दोष नव्हता."

"कळलं ना आता? मग झालं तर. कुणी बुडालं नाही, कुणी आजारी पडलं नाही. एका म्हातारीचं डोकं हिरवं झालं, एवढंच. आणि त्या म्हातारीला विचाराल तर तिचं काही म्हणणं नाही."

पुढचं सगळं भराभर झालं. क्लोरीन पाण्याला उलट बाजूला नेतं म्हणून त्यात आम्ल टाकावं लागतं; क्लोरीन कमी केलं तरी आम्ल टाकणारा पंप जुन्याच मापावर चालू होता आणि नळीतला पिवळा रंग त्यांना दिसत नव्हता, म्हणून ते माप कुणी कमी केलंच नव्हतं. कॅप्टननी त्याच दिवशी पंप बंद केला आणि सोडा टाकून पाणी ताळ्यावर आणायला घेतलं. हीटर दुरुस्त करणारा माणूस आला. त्याने झाकण काढलं तर आतल्या तांब्याच्या नळ्या जागोजाग खाऊन पातळ झाल्या होत्या, एका जागी तर कागदासारख्या. "आणखी महिनाभर गेला असता तर हीटरने भर थंडीत राम म्हटला असता," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं कसं?" कॅप्टननी मावशीकडे बोट दाखवलं. तो माणूस तिच्या डोक्याकडे बघत राहिला, आणि मावशीने मान जरा वळवून त्याला दुसरी बाजूही दाखवली.

नवीन नळ्या बसेपर्यंत टँक आठ दिवस बंद होता. तेवढ्यात आम्ही डोकं हातात घेतलं. उपाय शेजारच्या औषधांच्या दुकानातच होता. जीवनसत्त्व क च्या साध्या पांढऱ्या गोळ्या. मी त्या कुटून कोमट पाण्यात सरसरीत कालवल्या, तिच्या ओल्या केसांना लावल्या, वर प्लॅस्टिकची टोपी घातली आणि वीस मिनिटांनी धुतलं. पहिल्याच वेळी बेसिनमध्ये उतरलेलं पाणी बघून मावशी म्हणाली, "आंबटाने चढवलं ते आंबटानेच उतरवलं बघ." दोनदा आणखी लावलं. तिसऱ्या वेळी केस पुन्हा स्वच्छ पांढरे. थोडे कोरडे झाले होते, ते तेलाने ठीक झाले. शिकवणाऱ्या मुलीलाही आम्ही बोलावलं होतं, पण ती आली नाही. तिला हिरवा ठेवायचाच होता.

टँक उघडला तेव्हा कॅप्टनची शस्त्रक्रिया ठरली होती, पण तारीख महिन्याभरानंतरची होती. तोवर नळीतला रंग कोण बघणार? रोज सकाळी सहाला मावशी पोहण्याचे कपडे घालून मागच्या खोलीत जायची, नळी उजेडाला धरायची आणि कॅप्टन वहीत लिहायचे.

"नारिंगी-लाल. किंचित लालाकडे."

"किंचित म्हणजे किती, ताई?"

"किंचित म्हणजे नववधूच्या मेंदीसारखा नाही, सासूच्या मेंदीसारखा."

"वहीत काय लिहू?"

"बरोबर आहे लिहा."

टँकच्या कार्यालयातल्या साहेबांना कॅप्टननी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. मावशीने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मीही नाही. ते बिचारे घाबरत घाबरत गेले होते. साहेब म्हणाले, डोळे नीट करून या, तोवर या बाई रंग बघत असतील तर आमची काही हरकत नाही. आणि रंग न बघता आकडा दाखवणारं एक छोटं यंत्रही मागवतो. ते यंत्र खरंच आलं. पहिल्या दिवशी मावशीने आधी रंग बघून आकडा सांगितला आणि मग यंत्र लावलं. फरक एका दशांशाचा. कॅप्टननी यंत्राकडे संशयाने बघितलं.

पहिला डोळा झाल्यावर कॅप्टन पाच दिवस घरी होते. सहाव्या दिवशी काळा चष्मा लावून ते टँकवर आले आणि कडेला उभे राहिले. पाण्यात उतरायला मनाई होती, वाकायलाही. बराच वेळ ते नुसते बघत होते.

"निळं आहे," ते म्हणाले. "फरशी निळी आहे. मी गेलं वर्षभर राखाडी समजत होतो. म्हटलं फरशी जुनी झाली." मग मावशी पाण्यातून वर आली तसे तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, आणि तुमचे केस हे असे पांढरे आहेत होय!"

"टोपी घातली आहे मी, कॅप्टन. पांढरी ती टोपी."

शिकवणारी मुलगी इतकी हसली की तिला काठावर बसावं लागलं.

आता मावशी उतरण्याआधी नळाखाली डोकं भिजवते, म्हणजे केस साधं पाणी पिऊन घेतात आणि टँकचं कमी शोषतात. मग चमचाभर तेल, मग टोपी. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा धुणं. हे ती पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोहणारणीला सांगते, आणि ज्या पोहत नाहीत त्यांना आधी पोहायला सांगते. तिच्या सांगण्यावरून आमच्या गिऱ्हाइकांपैकी सात जणी टँकवर जायला लागल्या आहेत. सगळ्यात धाकटी त्रेपन्नची. सकाळी सहाला त्या सातजणी दांडा धरून ओळीने उभ्या असतात आणि एकीचेही कान ठीक नसतात.

मागच्या आठवड्यात मावशी पहिल्यांदा न थांबता लांबीचा टँक पोहून गेली, पंचवीस मीटर. काका बघायला आले होते. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून वेळ मोजली, आणि ती पलीकडे पोहोचली तेव्हा वेळ सांगायला पुढे झाले. पण ती वळून परत निघालीसुद्धा होती. काका घड्याळ तसंच हातात धरून, बुटांत पाणी जाऊ न देता, कडेकडेने तिच्या बरोबरीने चालायला लागले.